खेळायला मिळालं तर घडतो: बेसबॉलच्या गेममधली मायनर लीग सोप्या भाषेत

अठरा वर्षांचा एक शॉर्टस्टॉप, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला क्षेत्ररक्षक, तुमच्या संघात आलाय. पडद्यावर त्याच्या नावापुढे दोन आकडे दिसतात, २५ आणि ६०. पहिला सांगतो तो आज कसा आहे, दुसरा सांगतो तो पुढे कुठवर जाऊ शकेल. 'आउट ऑफ द पार्क बेसबॉल' हा गेम पहिल्यांदा उघडणारा माणूस बहुधा असं धरून चालतो की चार-पाच वर्षं गेली की २५ चे ६० होतीलच. प्रत्यक्षात अशी बरीच मुलं ४० च्या आसपास अडकतात, काही ३० च्या पुढेच सरकत नाहीत, आणि एखादा मात्र कोणाच्या ध्यानीमनी नसताना ७० गाठतो. या दोन आकड्यांच्या मधल्या काळात काय घडतं आणि त्यातलं आपल्या हातात किती असतं, हा या खेळातला सगळ्यात गुंतागुंतीचा आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर भाग आहे.

गेमची ओळख थोडक्यात. जर्मनीतल्या मार्कुस हाइनझोन यांनी १९९९ मध्ये तो पहिल्यांदा आणला. खेळणारे त्याला 'ओओटीपी' म्हणतात. यात तुम्ही बॅट फिरवत नाही की चेंडू टाकत नाही. तुम्ही संघाचे जनरल मॅनेजर असता. कोणाला घ्यायचं, कोणाला सोडायचं, कोणाला किती पैसे द्यायचे, कोणता मुलगा कुठल्या गावच्या संघात खेळेल, हे ठरवायचं काम तुमचं. बाकी सामने संगणक खेळवतो. पडद्यावर मुख्यतः तक्ते आणि आकडे असतात, तरीही २००७ च्या आवृत्तीला गेमची परीक्षणं एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिकवर १०० पैकी ९६ गुण मिळाले होते. आकडेवारी वाचायची आवड असलेल्या माणसाला रात्र कधी सरली कळत नाही, असा हा प्रकार आहे.

क्रिकेट बघत मोठं झालेल्या वाचकाला एक गोष्ट आधी सांगायला हवी. सचिन तेंडुलकर १९८९ मध्ये सोळाव्या वर्षी कराचीत कसोटी खेळला. बेसबॉलमध्ये असं जवळजवळ घडतच नाही. देशातून पहिल्या क्रमांकाने निवडलेला मुलगासुद्धा सहसा दोन-तीन वर्षं मायनर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च मेजर लीगच्या खालच्या स्पर्धांमध्ये, काढतो, आणि शाळा संपवून थेट आलेला असेल तर चार-पाच वर्षंही लागतात. म्हणूनच मेजर लीगच्या ३० संघांपैकी प्रत्येकाच्या हाताखाली संघांची एक उतरंड असते. २०२१ मध्ये झालेल्या फेररचनेनंतर प्रत्येकाकडे पूर्ण हंगाम खेळणारे चार मायनर संघ आहेत. सगळ्यात वर ट्रिपल-ए, मग डबल-ए, हाय-ए आणि सिंगल-ए; एकूण १२० संघ. त्याखाली फ्लोरिडा आणि ॲरिझोनातल्या सराव संकुलांमधल्या रुकी लीग, आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसाठी डॉमिनिकन रिपब्लिकमधली उन्हाळी लीग. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी कित्येकांच्या घराजवळच ब्रिजवॉटरला सॉमरसेट पेट्रियट्सचं मैदान आहे. तो न्यू यॉर्क यांकीज या मेजर लीग संघाचा डबल-ए संघ. तिथे जी विशी-बाविशीतली मुलं दिसतात, त्यांच्यासारखीच मुलं या गेममध्ये आपल्या हाती असतात.

आता त्या आकड्यांकडे येऊ. २० ते ८० ही मोजपट्टी गेमने शोधलेली नाही. अमेरिकेतले स्काउट, म्हणजे होतकरू खेळाडू हेरणारी माणसं, कित्येक दशकं तीच वापरतात. ५० म्हणजे मेजर लीगमधला सरासरी खेळाडू, ६० म्हणजे ठळकपणे चांगला, ७० म्हणजे ताऱ्यांच्या रांगेतला, ८० म्हणजे पिढीत एखाद-दुसरा. म्हणजे २५ वर असलेला आपला मुलगा वाईट नाही. मेजर लीगच्या मापाने तो फक्त कच्चा आहे, आणि अठराव्या वर्षी कच्चा असणारच. हा एकच आकडा पुढे अनेक कौशल्यांत फुटतो. बॅटरसाठी चेंडूला बॅट लावण्याची हातोटी, मैदानातल्या मोकळ्या जागा शोधत मारण्याची ताकद, होम रनची ताकद, चांगला-वाईट चेंडू ओळखण्याची नजर आणि स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद होणं, टाळण्याची क्षमता. पिचरसाठी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यासाठी, चेंडूची धार, चेंडूची हालचाल आणि नियंत्रण. एकत्रित आकडा पाहून निर्णय घेऊ नये, कारण दोन ६० वाले मुलगे आतून पूर्ण वेगळे असू शकतात.

आणि हे सगळे आकडे कोणाचे? तुमच्या स्काउटचे. नवखे लोक इथे सर्वांत जास्त फसतात. गेमच्या पोटात प्रत्येक खेळाडूची खरी गुणवत्ता लपलेली असते. पडद्यावर दिसतो तो तुम्ही नेमलेल्या मुख्य स्काउटचा अंदाज. स्काउट किती कुशल आहे, तुम्ही त्याला किती पैसे दिलेत, त्याने त्या मुलाला अलीकडे पाहिलंय का, यावर तो अंदाज किती जवळचा ते ठरतं. शिवाय काही स्काउट अंगभूत गुणांवर भाळतात, म्हणजे वेग, ताकद, मजबूत खांदा. तर काही जण आज हा मुलगा काय करून दाखवतोय त्याला महत्त्व देतात. लीगची एक तटस्थ स्काउट संस्थाही गेममध्ये असते, तिचं मत शेजारी लावून पाहता येतं. तुमचा माणूस ६० म्हणतोय आणि संस्था ४५, तर खरं उत्तर कुठेतरी मध्ये असण्याची शक्यता धरावी. सगळे आकडे अचूक दिसावेत अशी सेटिंगही आहे. माझं मत विचाराल तर ती लावू नये. मुलांना घडवण्यातली सगळी जोखीम आणि म्हणून सगळी गोडी या धूसरपणातच आहे.

मग धूसर आकड्यांच्या पलीकडचं सत्य कसं ओळखायचं? सामन्यांच्या आकडेवारीवरून. संगणक सामने खेळवतो ते लपलेल्या खऱ्या गुणांवरून; स्काउटचं मत त्याला ठाऊकच नसतं. त्यामुळे मैदानावरची कामगिरी हा स्वतंत्र साक्षीदार आहे. पण साक्ष नीट घ्यावी लागते. समजा एखाद्याची खरी कुवत .२७० ची बॅटिंग ॲव्हरेज (म्हणजे हजार वेळांत २७० यशस्वी फटके, 'हिट') टिकवण्याची आहे आणि तो २०० वेळा बॅटिंगला आलाय. निव्वळ नशिबाच्या चढउताराने त्याची ॲव्हरेज .२४० पासून .३०० पर्यंत कुठेही दिसू शकते, आणि तीनपैकी साधारण एका वेळी त्याच्याही बाहेर. म्हणजे दोन महिन्यांच्या ॲव्हरेजवरून जवळजवळ काहीच कळत नाही. स्ट्राइकआउट आणि वॉकचं (चार वाईट चेंडू सोडून फुकट मिळणाऱ्या बेसचं) प्रमाण मात्र बरंच लवकर स्थिर होतं. एकोणीस वर्षांचा मुलगा स्वतःपेक्षा मोठ्या पोरांच्या लीगमध्ये .२३५ ने खेळतोय, पण वॉक भरपूर घेतोय आणि स्ट्राइकआउट कमी होतोय, तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन. आणि चोविसाव्या वर्षी हाय-ए मध्ये .३२० मारणाऱ्याचं कौतुक जपून करीन, कारण तो आपल्यापेक्षा लहान पिचरांना झोडतोय.

आता मूळ मुद्दा. मुलाच्या प्रगतीवर गेममध्ये अनेक गोष्टींचा परिणाम होतो: वय, प्रशिक्षक, विकासासाठी ठेवलेला पैसा, स्वभाव, दुखापती, नशीब. पण यातल्या बहुतेक गोष्टी एकतर आपल्या हाती नसतात किंवा पैसे टाकले की मिळतात. ज्या एका गोष्टीची कायम टंचाई असते आणि जिचं वाटप पूर्णपणे आपल्याला करावं लागतं, ती म्हणजे मैदानावरचा वेळ. बाकावर बसलेला मुलगा हळू वाढतो. चांगला प्रशिक्षक आणि सगळी सोय असूनही हळूच वाढतो.

हिशेब करून पाहू. एका संघाच्या बॅटिंगच्या क्रमात नऊ जागा असतात. डबल-ए चा हंगाम १३८ सामन्यांचा. रोज खेळणारा बॅटर सामन्यात चारेक वेळा बॅटिंगला येतो, म्हणजे हंगामात साडेपाचशेच्या घरात. आता तुमच्याकडे एकाच पातळीवर दोन चांगले शॉर्टस्टॉप आहेत. दोघांनी जागा वाटून घेतली तर प्रत्येकाच्या वाट्याला पावणेतीनशे. दोघांचंही अर्धं वर्ष वाया. त्यापेक्षा एकाला सेकंड बेसवर हलवावं, किंवा थर्ड बेसवर, किंवा काही दिवस फक्त बॅटिंगच करणारा डेझिग्नेटेड हिटर म्हणून खेळवावं, किंवा दोघांतल्या अधिक तयार मुलाला वरच्या संघात पाठवावं. चार मायनर संघ म्हणजे बॅटिंगच्या छत्तीस जागा. त्या छत्तीस जागांवर आत्ता कोण बसलंय, हा तक्ता दर महिन्याला डोळ्यांखालून घालणं हेच फार्म सिस्टिम, म्हणजे मायनर संघांची ही उतरंड, सांभाळण्याचं निम्मं काम.

आणि तिथे बघितलं की धक्का बसतो. बऱ्याच जागा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या, मेजर लीगला कधीच न पोचणाऱ्या खेळाडूंनी अडवलेल्या असतात. हे का होतं? मायनर संघ चालवायचं काम तुम्ही संगणकाच्या मॅनेजरवर सोपवू शकता, आणि त्या मॅनेजरला आजचा सामना जिंकायचा असतो. अठ्ठावीस वर्षांचा सर्वसाधारण फर्स्ट बेसमन आज वीस वर्षांच्या मुलापेक्षा थोडा बरा असतो, मग तो त्यालाच खेळवतो. मॅनेजर चुकत नाही. त्याचं काम वेगळं, तुमचं वेगळं. यावर उपाय दोन. मुलाला हव्या त्या जागी खेळवणारी लाइनअप स्वतः लावायची, किंवा त्या वयस्क खेळाडूला संघातूनच मोकळं करायचं. मला दुसरा उपाय जास्त भरवशाचा वाटतो, कारण पर्यायच नसेल तर मॅनेजर मुलाला खेळवणारच. पण सगळ्या मोठ्यांना काढून टाकू नये. ट्रिपल-ए मध्ये तीन-चार अनुभवी हात लागतातच. मेजर लीगमध्ये एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कॅचर जखमी झाला, तर वर पाठवायला कोणीतरी हवं, आणि तो तुमचा एकवीस वर्षांचा हिरा असू नये.

पुढचा प्रश्न बढतीचा. मुलाला वर कधी न्यायचं? फार सोप्या लीगमध्ये ठेवलं तर तो खुंटतो, फार कठीण लीगमध्ये टाकलं तर सारखा अपयशी ठरून मागे पडू शकतो. गेमच्या गणितात दोन्हीची किंमत मोजावी लागते. माझा ढोबळ नियम असा: मुलगा त्या लीगच्या सरासरीपेक्षा स्पष्टपणे वरचढ खेळत असेल, दोन-तीन महिने तसं टिकलं असेल, आणि त्याचे आजचे आकडे वरच्या पातळीवरच्या मुलांच्या जवळ आले असतील, तर न्यावं. यातला तिसरा मुद्दा लोक विसरतात. निव्वळ आकडेवारी चांगली आहे म्हणून घाई केली की ती नशिबाची होती हे वर गेल्यावर कळतं. सगळ्यात मोठी उडी हाय-ए मधून डबल-ए ला जाताना बसते असं खऱ्या बेसबॉलमधली माणसं सांगतात, कारण तिथे पिचर पहिल्यांदा आपल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारचा चेंडूही हवा तिथे टाकायला लागतात. मुलगा वर जाऊन महिनाभर अडखळला तर लगेच खाली आणू नका. पण अर्धा हंगाम झाला आणि दर तिसऱ्या वेळी स्ट्राइकआउट होतोय, तर खाली आणण्यात कमीपणा नाही. आणि एक सूचना: गेमच्या काही सेटिंगमध्ये आकडे मुलगा खेळतोय त्या लीगच्या तुलनेत दाखवले जातात. तसं असेल तर बढतीनंतर त्याचा आकडा घसरलेला दिसतो. मुलगा तोच असतो. बदललेली असतात ती आजूबाजूची मंडळी.

पिचरांचं प्रकरण वेगळं आणि अधिक क्रूर आहे. त्यांना एका सामन्यात भरपूर काम, मग चार-पाच दिवस विश्रांती. पाच जणांचं चक्र असेल तर डबल-ए च्या हंगामात प्रत्येकाला सत्तावीस-अठ्ठावीस सामने सुरू करायला मिळतात. सहा जणांचं केलं तर तेवीस. संघात सहा खरे होतकरू पिचर असतील तर मी सहाचं चक्र लावतो, नाहीतर पाचच. सुरुवातीचा पिचर व्हायला दमसास लागतो आणि किमान तीन कामाचे चेंडू लागतात: वेगवान फास्टबॉल, एखादा वळणारा स्लायडर किंवा कर्व्हबॉल, आणि बहुतेकांच्या बाबतीत जो नसतो तो संथ, फसवा चेंजअप. फास्टबॉल ७० आणि स्लायडर ६५ असलेला एकोणीस वर्षांचा मुलगा पाहून डोळे दिपतात, पण तिसरा चेंडू तिशीच्या खालीच राहिला तर तो शेवटी बुलपेनमध्येच, म्हणजे सामन्यात नंतर थोड्या वेळासाठी येणाऱ्या पिचरांतच, जाणार. तरीही मी अशा मुलाला घाईने बुलपेनमध्ये टाकत नाही. सुरुवातीचा पिचर म्हणून जितकी षटकं... बेसबॉलच्या भाषेत जितक्या इनिंग त्याला टाकायला मिळतील, तितकी तिसरा चेंडू सुधारायची संधी मिळेल. बुलपेनचा दरवाजा तेविसाव्या वर्षीही उघडा असतो. कधी कधी गेममध्ये पिचर अचानक नवा चेंडू शिकतो किंवा त्याचा वेग दोन-तीन मैलांनी वाढतो, आणि अशी बातमी आली की दिवस सत्कारणी लागला असं वाटतं. उलट बातमीही येते. कोपराची शस्त्रक्रिया, वर्षभर बाहेर, आणि परतल्यावर संभाव्य आकडा दहाने खाली. म्हणून चांगला पिचर मिळाला म्हणून त्याच्या एकट्यावर पुढची पाच वर्षं बांधायची नसतात. एक जागा भरायची असेल तर चार होतकरू पिचर हवेत, हा माझा हिशेब.

भारतीय वाचकाला रिंकू सिंह आणि दिनेश पटेल यांची गोष्ट आठवेल. उत्तर प्रदेशातले हे दोन भालाफेकपटू २००८ मध्ये एका दूरचित्रवाणी स्पर्धेतून निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सनी त्यांच्याशी करार केला. खांद्यात वेग होता. बेसबॉलचा अनुभव अजिबात नव्हता. दोघांनी फ्लोरिडातल्या रुकी लीगमध्ये सुरुवात केली, आणि डावखुरा रिंकू पुढे सिंगल-ए पर्यंत पोचला. मेजर लीग दूरच राहिली. पण अंगातला वेग आणि खेळायची समज यांच्यामधलं अंतर किती मोठं असतं, ते भरायला किती वर्षं आणि किती इनिंग लागतात, हे त्यांच्या वाटचालीत दिसतं. गेममधल्या २५/६० चा अर्थ मला त्या दोघांमुळे अधिक खोलवर कळला.

क्षेत्ररक्षणाची जागा शिकायचा काळही मायनर लीगच आहे. खेळाडूची झेप, हाताची ताकद, चुका न करण्याची सवय हे मूळ गुण. आणि एखाद्या जागेवरचा त्याचा आकडा तिथे प्रत्यक्ष खेळून वाढतो. म्हणून मुलाला सुरुवातीला झेपेल त्या सगळ्यात अवघड जागी ठेवावं. शॉर्टस्टॉप नंतर सेकंड बेस शिकेल, सेंटर फील्डर नंतर कडेच्या फील्डमध्ये जाईल. उलटा प्रवास क्वचित होतो. मेजर लीगमध्ये रिकामी जागा थर्ड बेसची असेल आणि तुमचा बॅटर शॉर्टस्टॉप असेल, तर ट्रिपल-ए मध्ये वर्षभर आधीपासून त्याला तिथे खेळवायला लागा.

स्वभावाचा रकाना लोक गंमत म्हणून वाचतात आणि पुढे जातात. तिथे मेहनत आणि बुद्धी असे दोन गुण आहेत, आणि दोन्हींचा प्रगतीवर परिणाम होतो. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, दोन मुलं जवळपास सारखी वाटली तर मी डोळे मिटून जास्त मेहनती मुलगा घेतो. सहज जखमी होणाऱ्याला, तो कितीही गुणी असला तरी, एक पायरी खाली धरतो. प्रशिक्षकांचं म्हणाल तर खालच्या संघांमधले बॅटिंग आणि पिचिंगचे प्रशिक्षक स्वस्त असतात आणि त्यांचा फायदा तीस-तीस मुलांना होतो; तिथे कंजुषी करू नये. २०२४ मध्ये आलेल्या आवृत्तीपासून हंगाम संपल्यावर काही मुलांना विशिष्ट कौशल्यावर काम करायला 'डेव्हलपमेंट लॅब'मध्ये घालता येतं. जागा मोजक्या आणि यशाची खात्री नाही, त्यामुळे जो मुलगा एका कमतरतेमुळेच अडलाय त्याला तिथे पाठवावं.

इतकं सगळं करूनही काही मुलं कोसळतात आणि काही उगवतात. गेममध्ये गुणवत्ता कितपत अचानक बदलावी याची एक सेटिंग आहे, मूळ किंमत १००. ती वाढवली की जग अधिक बेभरवशाचं होतं, कमी केली की ड्राफ्टच्या दिवशीचे अंदाज जास्त खरे ठरतात. १०० वरचे चढउतार पाहून काहींना वाटतं की गेम अन्याय करतोय. खरं बेसबॉल पाहा. १९९१ मध्ये यांकीजनी देशात पहिल्या क्रमांकाने निवडलेला डावखुरा पिचर ब्रायन टेलर खांद्याच्या दुखापतीनंतर मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. आणि १९८८ मध्ये डॉजर्सनी बासष्टाव्या फेरीत, १३९० व्या क्रमांकाने घेतलेला माइक पियाझा कॅचर म्हणून हॉल ऑफ फेममध्ये पोचला. आज ड्राफ्ट वीसच फेऱ्यांचा आहे. पियाझाची फेरी आता अस्तित्वातच नाही. म्हणून शेवटच्या फेऱ्यांमधल्या मुलांनाही, जागा असेल तोवर, एक पूर्ण हंगाम खेळू द्यावं असं मला मनापासून वाटतं.

नियमांचा भाग कोरडा आहे, पण न समजल्यास घडवलेला मुलगा हातचा जातो. मेजर लीग संघाच्या चाळीस जणांच्या यादीत जो नाही, त्याला एका मुदतीनंतर दुसरा संघ उचलू शकतो. अठरा किंवा कमी वयात करार झाला असेल तर पाच हंगाम, जास्त वयात झाला असेल तर चार. यालाच रूल फाइव्ह ड्राफ्ट म्हणतात. उचलणाऱ्या संघाला तो मुलगा पूर्ण हंगाम मेजर लीगच्या सव्वीस जणांत ठेवावा लागतो, नाहीतर परत द्यायची तयारी दाखवावी लागते. १९५४ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सचा वीस वर्षांचा एक मुलगा त्यांच्या मॉन्ट्रियलच्या मायनर संघात बराच वेळ बाकावर होता. पायरेट्सनी त्याला या ड्राफ्टमध्ये उचललं. तो रोबर्टो क्लेमेंटे. पुढे त्याने बरोबर ३,००० हिट केले. म्हणून नोव्हेंबर उजाडला की पहिलं काम, कोणाची मुदत संपतेय ते बघणं आणि जपायचा त्याला चाळीसच्या यादीत घेणं.

त्या यादीत घेतलं की दुसरं घड्याळ सुरू होतं. खेळाडूला तीन हंगामांत मोकळेपणाने खाली-वर करता येतं. ते संपले की खाली पाठवताना इतर संघांना त्याच्यावर हक्क सांगता येतो. म्हणजे एकोणीस वर्षांच्या मुलाला लवकर यादीत घेतलं तर बाविसाव्या वर्षी तो तयार असो वा नसो, तुमचे हात बांधले जातात. तिसरं घड्याळ सेवाकाळाचं. मेजर लीगमधले १७२ दिवस म्हणजे एक वर्ष, आणि अशी सहा वर्षं भरली की खेळाडू मुक्त. २०१५ मध्ये शिकागो कब्जनी क्रिस ब्रायंटला १७ एप्रिलला वर आणलं आणि त्याचे त्या वर्षी १७१ दिवस भरले. त्याने तक्रार केली, २०२० मध्ये ती फेटाळली गेली. गेममध्ये तुम्हीही तसं करू शकता, नियमात बसतं. मी करत नाही. मुलगा तयार आहे तर त्याला पहिल्या दिवसापासून खेळवायला हवं, आणि संघालाही ते दोन आठवडे हवेच असतात.

आता उरला सोडण्याचा भाग. दर जुलैत ड्राफ्टमधून वीसेक नवी मुलं येतात, शिवाय लॅटिन अमेरिकेतून सोळा वर्षांची मुलं करार करून येतात. तितकीच जागा कुठूनतरी करावी लागते. म्हणून जूनमध्येच खालपासून यादी घ्या. सगळ्यात आधी पाहा की एखादा पंचविशीचा खेळाडू एकोणिसाच्या मुलाची जागा अडवतोय का. मग तेवीस ओलांडूनही हाय-ए मध्ये सरासरीच्या खाली असलेले. मग ज्यांचे आजचे आकडे दोन हंगाम जागचे हलले नाहीत ते. काहींना सोडावं लागेल, पण ज्यांच्या नावाला अजून वजन आहे त्यांना आधी देवाणघेवाणीत घाला. दुसऱ्या संघाचा स्काउट कदाचित तुमच्या स्काउटपेक्षा आशावादी असेल, आणि त्या मुलाला तिकडे रोज खेळायलाही मिळेल. हे झालं की नव्या मुलांना वाटून द्या: कॉलेजमधून आलेले एकवीस वर्षांचे थेट सिंगल-ए किंवा हाय-ए ला, शाळेतून आलेले रुकी लीगला. आणि ऑगस्ट संपायच्या आत एकदा परत जाऊन बघा की त्यातला प्रत्येक जण खरोखर मैदानावर आहे की नाही.